आधी जंतूचं नाव कळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,



विदर्भातल्या एका अतिदक्षता विभागात मी गेली वीस वर्षं काम करते. आमच्या व्यवसायातून आपल्याकडे येणाऱ्या निवेदनांत बहुतेक वेळा खाटा मागितलेल्या असतात, व्हेंटिलेटर मागितलेले असतात. माझं मागणं वेगळं आहे, पण ते सांगण्याआधी एका बाईची हकीकत आपण ऐकावी अशी विनंती आहे.

सप्टेंबरचे दिवस होते, सोयाबीन शेतात उभं होतं. पन्नाशीची एक शेतमजूर बाई रात्री नऊच्या सुमारास आमच्याकडे रेफर होऊन आली. तापाचा आठवा दिवस. धाप लागलेली, प्लेटलेट चाळीस हजारांवर, लघवी कमी झालेली, बीपी टिकवायला नॉरॲड्रिनॅलिन चालू. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. आधीच्या दवाखान्यात तीन अँटिबायोटिक देऊन झाली होती, त्यातलं एक मेरोपेनेम. फाईल चांगली जाडजूड होती, एक्स-रे होते, सोनोग्राफी होती, रोजच्या रक्ततपासण्या होत्या. ब्लड कल्चर मात्र एकही नव्हतं.

मुलगा दाराशी उभा होता. "मॅडम, आईले झालं काय, थे तं सांगा." मी म्हटलं, इन्फेक्शन आहे, रक्तात पसरलंय. तो म्हणाला, "थे तं तिकडंबी सांगतलं. पण कायचं इन्फेक्शन?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर पहाटे दोनच्या सुमारास सिस्टरने शोधलं. ती अंग पुसत होती. परकराची नाडी जिथे रुतते त्या कमरेच्या घडीत तिला एक काळा डाग दिसला. तिने मला हाक मारली, "मॅडम, जरा बॅटरी घेऊन या." मी वाकून पाहिलं. तुरीच्या दाण्याएवढी काळी कोरडी खपली आणि तिच्याभोवती लालसर कडं. विडीचा चटका बसावा तसा. हा डाग दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून त्याच्याबद्दल सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या वळीत, म्हणजे नेमका डॉक्टर जिथे पाहत नाहीत तिथे तो असतो. आम्ही त्याला एस्कार म्हणतो. तापाच्या रुग्णाला अंगावर असा डाग दिसला की पहिलं नाव मनात यायला हवं ते स्क्रब टायफसचं.

झुडपांत, गवतात गोचिडाच्या जातीचा एक अतिशय बारीक किडा असतो. त्याची अळी चावते आणि ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जंतू अंगात जातो. हा जंतू आपल्या पेशींच्या आत घर करतो. मेरोपेनेमचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, मग ते एक दिवस द्या की दहा दिवस. त्याला लागतं डॉक्सीसायक्लिन. मेरोपेनेमला घरच्यांचे दिवसाला काही हजार जातात आणि डॉक्सीसायक्लिनची गोळी चहाच्या कपाच्या भावात मिळते. ती बाई महागड्या औषधांवर होती आणि तापाच्या त्या आठ दिवसांत तिच्या जंतूवर एकही औषध पडलं नव्हतं.

2018 च्या पावसाळ्यात विदर्भात या आजाराची मोठी साथ आली, तेव्हा नागपूरच्या आसपासच्या आम्हा सगळ्यांना तो डाग शोधायची सवय लागली. पुढे 2023 मध्ये एक महत्त्वाचा भारतीय अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात केंद्रांत तीव्र स्क्रब टायफसच्या सुमारे 800 रुग्णांवर तो झाला. काहींना शिरेतून फक्त डॉक्सीसायक्लिन, काहींना फक्त ॲझिथ्रोमायसिन आणि काहींना दोन्ही एकत्र दिलं. मृत्यू, सातव्या दिवशीही न सुटलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यांपैकी काही ना काही एकेकटं औषध मिळालेल्या गटांत साधारण 47 ते 48 टक्के रुग्णांत आढळलं, दोन्ही औषधं मिळालेल्यांत 33 टक्क्यांत. निव्वळ मृत्यूंच्या आकड्यात ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण सातव्या दिवशी व्हेंटिलेटरवर असणं आणि नसणं यात काय फरक आहे, ते ज्यांच्या घरातलं माणूस आत असतं त्यांना विचारावं. दोन्ही औषधं जुनी आणि आपल्या देशात बनणारी. नवं होतं ते फक्त ज्ञान, आणि तेही आपल्याच मातीतल्या रुग्णांनी दिलेलं.

त्या रात्री आम्ही दोन्ही औषधं सुरू केली. तिसऱ्या दिवशी नॉरॲड्रिनॅलिन बंद झालं. बाराव्या दिवशी बाई घरी गेली. जाताना मुलाने माझ्याकडून एका कागदावर आजाराचं नाव मराठीत लिहून घेतलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "गावच्या डॉक्टरले दाखवतो."

मंत्रिमहोदय, असा डाग प्रत्येकाला नसतो. तो नसला की रक्ताची आयजीएम एलायझा तपासणी किंवा पीसीआर यावरच निदान अवलंबून असतं. आणि स्क्रब टायफस हा आमच्या दारात येणाऱ्या तापांपैकी एक झाला. कोकणात लेप्टो आहे. सिंधुदुर्गात माकडताप आहे. सगळीकडे डेंग्यू आहे, टायफॉइड आहे, मूत्रमार्गातून रक्तात गेलेला ई. कोलाय आहे. पहिल्या रात्री हे सगळे एकसारखे दिसतात. ताप, धाप, पडलेलं बीपी, कमी प्लेटलेट. माझं मागणं इथून सुरू होतं. प्रत्येक जिल्ह्यात, जिथे आयसीयू आहे तिथे, जंतूचं नाव सांगणारी प्रयोगशाळा द्या. आठवड्याचे सातही दिवस चालणारी.

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या शास्त्रात जे जे नवं कळलं ते जवळपास सगळं याच एका गोष्टीवर येऊन टेकतं, म्हणून मी हे इतकं आग्रहाने लिहिते आहे.

साधी ब्लड कल्चरची बाटली घ्या. रक्त कधी काढलं यावर तिचं सगळं भवितव्य असतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेप्सिसच्या रुग्णांचं रक्त अँटिबायोटिकच्या आधी आणि त्याच रुग्णांचं रक्त अँटिबायोटिक दिल्यानंतर दोनेक तासांत पुन्हा घेतलं. आधीच्या रक्तात 31.4 टक्के रुग्णांत जंतू सापडला, नंतरच्या रक्तात 19.4 टक्क्यांत. एका डोसने इतका फरक पडतो! म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन देण्याआधी कुणी दोन बाटल्या भरल्या नाहीत, तर पुढे कितीही मोठ्या रुग्णालयात नेलं तरी बऱ्याच रुग्णांच्या जंतूचं नाव कायमचं हरवलेलं असतं. त्या बाटल्याही नीट भराव्या लागतात. मोठ्या माणसाला एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त. आमच्याकडे तीन-चार मिलिलिटर रक्त टाकलेल्या बाटल्या येतात, कारण काढणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथे रक्ताचं माप हीच तपासणीची ताकद आहे.

यावर कुणी म्हणेल, रुग्ण मरायला टेकलाय आणि तुम्ही बाटल्या भरत बसणार? नाही. शॉकमधल्या रुग्णाला तासाभरात अँटिबायोटिक मिळालंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. बाटल्या भरायला पाच मिनिटं लागतात. आणि ज्याचं बीपी चांगलं आहे, सेप्सिस आहे की नाही हीच शंका आहे, त्याच्यासाठी तीन तासांपर्यंत तपासून ठरवा, असं 2021 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट सांगितलं आहे. ताप दिसला की सगळ्यांना सरसकट सगळ्यात मोठं औषध, ही रीत आता शास्त्राला धरून राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट दिवसांची. आम्ही शिकत होतो तेव्हा रक्तात जंतू सापडला की चौदा दिवस अँटिबायोटिक हे ठरलेलं होतं. का चौदा, याला पक्का आधार नव्हता, गुरूंनी दिले म्हणून आम्हीही दिले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बॅलन्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सात देशांतली 74 रुग्णालयं, 3608 रुग्ण, त्यांतले निम्म्याहून जास्त आयसीयूतले. सात दिवस औषध घेतलेल्यांपैकी 90 दिवसांत 14.5 टक्के दगावले, चौदा दिवस घेतलेल्यांपैकी 16.1 टक्के. सात दिवस पुरतात. ही बातमी वाचली त्या रात्री मी जुन्या फायली आठवत बसले होते. कितीजणांना आपण सात-सात दिवस उगाच सलाईनला बांधून ठेवलं, त्या जास्तीच्या दिवसांत कितीजणांच्या सेंट्रल लाइनला नवा जंतू चिकटला, कितीजणांनी त्यासाठी जनावर विकलं.

पण या चाचणीत एक अट होती. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ज्यांच्या रक्तात होता त्यांना तीत घेतलंच नव्हतं, कारण तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात जाऊन बसतो आणि त्याला जास्त दिवस औषध लागतं. म्हणजे सात दिवसांनी थांबायचा हक्कसुद्धा त्याच डॉक्टरला आहे ज्याला जंतूचं नाव माहीत आहे. बाकीच्यांनी घाबरत घाबरत चौदा, कधी एकवीस दिवस द्यायचे. आणि ते देतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

आता ज्या गोष्टीने माझी झोप सर्वांत जास्त उडते, तिच्याकडे येते. 2010 च्या मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय वैद्यकांच्या जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेमच्या घराण्यातली औषधं. त्यांना दाद न देणारे आतड्यातल्या जंतूंच्या कुळातले 24 नमुने त्यांनी तपासले, त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1, म्हणजे न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, सापडलं. हे सगळं एका रुग्णालयात, तीन-चार महिन्यांत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात मोठा अभ्यास आला आणि देशात गदारोळ उठला. गदारोळ कशावर? नावात नवी दिल्ली का, यावर. परदेशी रुग्ण आपल्याकडे यायचे थांबतील, यावर. मुंबईतल्या डॉक्टरांनी तेच पाच महिने आधी, आपल्याच जर्नलमध्ये, कुणाला दोष न देता सांगितलं होतं, ते बाजूला पडलं. ती वर्षं आपण वाद घालण्यात घालवली आणि जंतूने मात्र ती कामी लावली.

एनडीएम हे एक विकर आहे, जस्ताच्या अणूंच्या मदतीने पेनिसिलीनच्या जवळपास सगळ्या घराण्याचं कडं तोडणारं. त्याची जनुकं प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, म्हणजे एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा ती देऊ शकतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं केपीसी नावाचं दुसरंच विकर जास्त होतं, म्हणून तिथल्या पुस्तकांत सेफ्टाझिडाईम-ॲव्हिबॅक्टम हे औषध ठळक अक्षरांत असतं. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-48 यांचं राज्य आहे. एनडीएम असेल तिथे ते महाग औषध एकटं दिलं तर पाण्यात. त्याच्या जोडीला ॲझट्रिओनॅम द्यावं लागतं, कारण एनडीएमला ॲझट्रिओनॅम तोडता येत नाही, आणि बाकीची जी विकरं त्याला तोडतात त्यांना ॲव्हिबॅक्टम अडवून धरतं. हे आता आम्हाला नीट समजलेलं आहे. माणसं वाचतात याने, मी वाचलेली पाहिली आहेत. पण समोरच्या रुग्णाच्या जंतूत कोणतं विकर आहे हे कळलं तरच. नाहीतर कोलिस्टिन द्यायचं आणि मूत्रपिंडांकडे पाहत बसायचं. कोलिस्टिन इतकं मोलाचं उरलं आहे की 2019 मध्ये केंद्र सरकारने ते कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात वापरायला बंदी घातली. तो निर्णय योग्य होता आणि असे निर्णय सरकार घेऊ शकतं, म्हणूनच आपल्याला लिहायचं धाडस होतं.

कँडिडा ऑरिसबद्दल थोडक्यात. 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात प्रथम सापडलेली ही बुरशी आता जगभरच्या आयसीयूत आहे. ती पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या वायरीवर तळ ठोकते, फ्लुकोनॅझोलला सहसा दाद देत नाही आणि साध्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच बुरशीच्या नावाने नोंदली जाते. चुकीचं नाव म्हणजे चुकीचं औषध, आणि शेजारच्या खाटेलाही धोका.

योग्य प्रयोगशाळा जवळ असली की काय होतं, ते राज्याने 2025 च्या जानेवारीत पुण्यात पाहिलं आहे. सिंहगड रस्त्याच्या भागातून हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक यायला लागले. गिलां-बारे सिंड्रोम. एरवी महिन्याला एखाद-दुसरा दिसणारा आजार, आणि कित्येकजण व्हेंटिलेटरवर. आयसीयूतल्या डॉक्टरांनी आकडा वाढतोय हे ओळखून कळवलं, नमुने पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि थोड्याच दिवसांत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. पाण्याकडे बोट गेलं, विहिरी तपासल्या गेल्या, टँकर तपासले गेले. हे सगळं एका शहरात जमलं, कारण त्या शहरात ती संस्था आहे. हीच साथ धानोरा किंवा एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्यात आली असती तर? माझ्या मते पहिले दहा रुग्ण वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या निदानांखाली गेले असते आणि साथ आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ज्ञान अर्धवट पोचलं की काय होतं तेही आपण पाहिलं. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामिथासोन, रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास जीव वाचतात, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नाही. गावोगाव पोचलं ते एवढंच की कोविडला स्टिरॉइड. ऑक्सिजनची अट वाटेत गळली, मात्रा गळली, दिवस गळले. 2021 च्या उन्हाळ्यात मधुमेही रुग्ण म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गमावून आमच्याकडे येत होते. डोळा काढावा लागेल हे रुग्णाला सांगायचं काम मी ज्या दिवसांत रोज करत होते, ते दिवस मला विसरता येत नाहीत.

म्हणून नुसती यंत्रं घेऊन दिली तर पुरणार नाही. स्वयंचलित ब्लड कल्चर यंत्राला बाटल्यांचा पुरवठा लागतो, रसायनं लागतात, वीज गेल्यावर जनरेटर लागतो आणि रविवारी सकाळी यंत्राने पिवळा दिवा दाखवला की ती बाटली उचलून काचेवर रंग चढवून पाहणारा तंत्रज्ञ लागतो. त्या रंगाच्या पहिल्या नजरेत जे दिसतं, जांभळे झुबके की गुलाबी कांड्या, तेवढं फोनवर कळलं तरी माझं निम्मं औषध त्याच तासाला बदलतं. रात्री फोन उचलणारे सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर लागतात. वैद्यकीय महाविद्यालयांत ते आहेत, त्यांना शेजारच्या जिल्हा रुग्णालयांशी जोडून द्या, आठवड्यातून एक तास रुग्णांच्या फायली समोर ठेवून बोलणं होऊ द्या. प्रत्येक जिल्ह्यात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता दर वर्षी जाहीर करा, वाईट आकड्यांसकट. केरळने 2018 मध्येच प्रतिजैविकांच्या प्रतिरोधावर राज्याचा स्वतंत्र आराखडा केला, तो पाहण्यासारखा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आयसीयूचा दावा मंजूर करताना पहिल्या डोसआधी कल्चर घेतलं होतं का, एवढा एक रकाना घाला. रकाना आला की बाटली आपोआप येते, हे मी अनुभवाने सांगते.

आणि सिस्टर. अमेरिकेत मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या गेल्या, त्यांत पहिली हात धुण्याची. डॉक्टर एखादी पायरी चुकला तर त्याला तिथेच थांबवायचा अधिकार सिस्टरना दिला. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर दर हजार लाइन-दिवसांमागे 2.7 असलेला रक्तातल्या संसर्गाचा मध्यांक शून्यावर आला होता. एकही नवं औषध न वापरता. आमच्याकडे एक सिस्टर रात्री चार-चार व्हेंटिलेटर सांभाळते. ती हात कधी धुणार आणि डॉक्टरला कधी थांबवणार? त्या रात्री आमच्या सिस्टरकडे दोनच रुग्ण होते, म्हणून तिला अंग पुसायला वेळ मिळाला आणि कमरेच्या घडीत पाहायला सवड मिळाली.

आपण जिल्ह्यांच्या दौऱ्यावर जाता. पुढच्या वेळी जिल्हा रुग्णालयात गेलात की आयसीयू पाहून झाल्यावर प्रयोगशाळेतही जावं, अशी विनंती आहे. तिथलं रजिस्टर मागवा. मागच्या शनिवारी रात्री लावलेल्या ब्लड कल्चरची नोंद शोधा आणि पहिला फोन वॉर्डात किती वाजता गेला ते पाहा. नोंद नसेल, तर तो रकाना रिकामा का, हे तिथेच उभं राहून विचारा.

आपली नम्र,
विदर्भातल्या एका अतिदक्षता विभागातली डॉक्टर